दोन्हीकडून पाळायची वेळ

एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसाला एआरटी (विषाणूरोधक उपचार) केंद्रावर समुपदेशक सुरुवातीलाच बजावतात: गोळी रोज घ्यायची, ठरल्या वेळी घ्यायची, एकही दिवस चुकवायचा नाही. त्यामागे कारण आहे. रक्तात औषध पुरेसं असेल तोवर विषाणू दबून राहतो. खंड पडला की तो डोकं वर काढतो, आणि अपुऱ्या औषधात वाढताना त्याच औषधाला दाद न देणारं रूप घेऊ शकतो. मग दुसरी औषधं शोधावी लागतात, आणि ती बहुधा जास्त महाग असतात. म्हणून माणसं गजर लावून गोळी घेतात. लग्नघरात, रेल्वेच्या डब्यात, रात्रपाळीत, कोणाच्या नजरेत येणार नाही अशी. वर्षानुवर्षं. या निष्ठेला आपण पुरेसा मान देत नाही असं मला वाटतं.

२०२२ साली या माणसांनी आपला शब्द पाळला होता. खंड पडला तो पुरवठ्यात. डोल्युटेग्राविर, लोपिनाविर-रिटोनाविर, अबाकाविर अशी औषधं अनेक केंद्रांवर कमी पडू लागली. महिन्याची औषधं मिळायची तिथे काहींच्या हाती आठवड्याच्या, कधी त्याहूनही कमी दिवसांच्या गोळ्या पडू लागल्या. गुरुग्राम किंवा नोएडात रोजंदारीवर काम करणाऱ्याला याचा अर्थ विचारावा. केंद्रावरची प्रत्येक जादा खेप म्हणजे बुडालेला रोज, बसभाडं, आणि ‘पुन्हा दवाखान्यात कशाला?’ या मुकादमाच्या प्रश्नाला नवं उत्तर. मुलांचं तर आणखी अवघड. त्यांना वजनाप्रमाणे मात्रा लागते, मोठ्यांची गोळी मोडून देण्याचा उपाय प्रत्येक वेळी चालत नाही.

२१ जुलै २०२२ रोजी काही जण दिल्लीत जनपथवरच्या चंद्रलोक इमारतीत, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या म्हणजे ‘नाको’च्या कार्यालयापाशी, धरणं धरून बसले. त्यांत दिल्ली नेटवर्क ऑफ पॉझिटिव्ह पीपलचे कार्यकर्तेही होते. ते महिनाभराहून अधिक काळ बसून राहिले. घरमालकाला, कारखान्यात, कधी सख्ख्या भावालाही जे कळू नये म्हणून आयुष्यभर जपलं, ते त्यांनी कॅमेऱ्यांसमोर सांगितलं. औषध मागण्यासाठी एवढी किंमत मोजावी लागणं, हे मला त्या तुटवड्याइतकंच अस्वस्थ करतं.

देशपातळीवर औषधांचा तुटवडा नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. सगळ्या देशाचा साठा एकत्र मोजला तर ते खरं ठरूही शकेल. पण रुग्ण सरासरीतून गोळी घेत नाही, तो आपल्या केंद्राच्या खिडकीतून घेतो. त्या खिडकीवर ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकणाऱ्यासाठी तुटवडा पूर्ण असतो.

औषध बनवणं आपल्याला जमत नाही, असंही नाही. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी दरात देऊ केला. तेव्हा श्रीमंत देशांत त्याच उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येई. आफ्रिकेतल्या लाखो माणसांचे प्राण भारतीय कारखान्यांतल्या गोळ्यांनी वाचले. आपल्याकडेही १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून ही औषधं मोफत मिळू लागली, आणि हे काम खरोखर मोठं आहे. त्याच्या बळावर माणसं जगली, त्यांनी संसार केले, मुलं वाढवली. देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख आहेत, त्यांत सर्वांत जास्त महाराष्ट्रात. एवढ्या लोकांचं उद्याचं औषध वेळेवर निघालेल्या निविदेवर आणि गोदामातल्या राखीव साठ्यावर अवलंबून असतं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने उपचार पुरवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली, पण ‘शक्य तितके’ अशी सवलत ठेवून. रुग्णाला मात्र आपण अशी सवलत देत नाही. त्याने एक दिवस जरी चुकवला तरी आपण त्याला जाब विचारतो.

तोच जाब साठ्याबद्दलही विचारला जावा, एवढीच मागणी आहे. प्रकृती स्थिर असलेल्या माणसाला एका वेळी तीन महिन्यांची औषधं देता येतात; करोनाकाळात अनेकांना एकदम जास्त दिवसांची औषधं देण्यात आलीही. केंद्रावर पुरेसा साठा असला की गाझियाबादमध्ये काम करणारा बिहारचा मजूर छठला गावी जाऊन कापणी उरकूनच परत येऊ शकतो. नसला, तर सण अर्धवट टाकून आठवड्याच्या गोळ्यांसाठी त्याला परतीची गाडी धरावी लागते.