त्याला कळत होते का?

सातवीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा तास चालला होता. न्यायालयाचा धडा होता. एका मुलाने वर्तमानपत्रातली कुठलीशी बातमी वाचली असावी; त्याने विचारले, "सर, खुनी वेडा निघाला तर त्याला सोडून देतात, हे खरं का?" मी म्हटले, "खरं आहे, पण..." माझा 'पण' पुरा होण्याआधीच मागच्या बाकावरून आवाज आला, "मग सगळेच वेडे होतील की!" वर्ग हसला, मीही हसलो, आणि घंटा झाल्यामुळे माझी सुटका झाली. मात्र संध्याकाळी कल्याणहून लोकलने डोंबिवलीला परतताना ते हसणे मला बोचू लागले. कारण त्या पोराच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आमच्याच घरात, स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवलेले आहे. त्याकडे मी मागाहून येतो.

ऐन दिवाळीत, चकलीचा तुकडा मोडता मोडता, हे कसले अभद्र काढले, असे वाचकांना वाटेल. पण आमच्याकडे असल्या गोष्टी फराळाच्या ताटाभोवतीच निघत. माझ्या आजीची हुकमी गोष्ट होती रामन राघवची. 1965-66 साली मध्य रेल्वेच्या कडेने आणि पुन्हा 1968 साली मुंबईच्या उपनगरांत, झोपड्यांत आणि फुटपाथवर निजलेल्या माणसांची डोकी रात्री कोणी तरी फोडीत होते. आजी सांगे, "डोंबिवलीला तो काही आला नाही, पण त्याची भीती मात्र शेवटच्या लोकलने रोज यायची." उन्हाळ्यात चाळीच्या गॅलरीत निजणारी माणसे दारे लावून आत उकडत पडत, आणि पुरुषमंडळी काठ्या घेऊन आळीपाळीने जागत. ऑगस्ट 1968 मध्ये तो पकडला गेला. पोलिसांपुढे तोंड उघडण्याआधी त्याने कोंबडीचे जेवण मागितले, हे सांगताना आजी डोळे असे मोठे करी की आम्ही पोरे तिला बिलगत असू. आजीची गोष्ट तिथेच संपे. राक्षस पकडला गेला, गावाला झोप लागली.

मोठेपणी कळले की खरी गोष्ट तिथे सुरू होते.

जून 1969 मध्ये खटला उभा राहिला तेव्हा त्याच्या वकिलाने सांगितले की हा माणूस वेडा आहे. खून करताना वेडा होता आणि आजही स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत नाही. पोलीस सर्जनने त्याला आठवडाभर नजरेखाली ठेवले आणि निर्वाळा दिला की याची स्मरणशक्ती शाबूत आहे, बुद्धी बेताची पण ठीक आहे, आपण काय करतो हे याला समजते. खटला पुढे चालला. मग नायर रुग्णालयाचे एक मानसरोगतज्ज्ञ बचावासाठी उभे राहिले. आपण माणसे मारीत आहोत एवढे याला समजत होते, पण ते कायद्याविरुद्ध आहे हे समजत नव्हते, असे त्यांचे म्हणणे. न्यायाधीशांनी फाशी दिली, आणि त्याने अपील केले नाही. फाशी कायम करण्यापूर्वी हायकोर्टाने तीन मानसरोगतज्ज्ञांचे मंडळ नेमायला लावले. ते पाच वेळा, दर वेळी दोन दोन तास, त्याच्याशी बोलत बसले. तो म्हणाला, जगे दोन आहेत. एक हे तुमचे, आणि एक 'कानून'चे. मी त्या कानूनचा प्रतिनिधी. शेवटच्या भेटीत निरोप घेताना डॉक्टरांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, तर त्याने हात दिला नाही. तुमच्या या दुष्ट जगातल्या माणसांना मी शिवत नाही, म्हणाला.

हा प्रसंग मी वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. ज्याच्यापासून आमची चाळ दारे लावून बसली होती, तो आम्हांला विटाळ मानीत होता! मंडळाने जुनाट स्किझोफ्रेनियाचे निदान दिले, फाशीची जन्मठेप झाली. येरवड्याच्या तुरुंगात त्याचे दिवस गेले आणि 1995 साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो वारला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. 1843 साली इंग्लंडात मॅकनॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान पील यांच्या चिटणिसाला गोळी घातली. पंचांनी त्याला वेडा म्हणून सोडले तेव्हा मोठा गहजब झाला, आणि त्यातून काही नियम ठरले. तेच आमच्या दंडसंहितेच्या कलम 84 मध्ये उतरले. 1 जुलै 2024 पासून नव्या न्यायसंहितेत त्याचा आकडा 22 झाला एवढेच. मनाच्या विकाराने ज्याला आपल्या कृत्याचे स्वरूप कळत नाही, किंवा ते गैर अथवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नाही, त्याचे कृत्य अपराध नव्हे. लक्षात घ्या, कायदा 'तुला रोग आहे का?' असे विचारतच नाही. तो विचारतो, 'त्या क्षणी तुला कळत होते का?' आणि दुसरा प्रश्न अगदी वेगळा: आज, या पिंजऱ्यात उभा असताना, तुला खटला समजतो आहे का? काल शहाणा असलेला आज वेडा असू शकतो, कालचा वेडा आज शहाणा. आपण मात्र चहाच्या टपरीवर दोन्हींची एकच भजी तळतो.

मी जेमतेम मॅट्रिक झालेला मास्तर. कायद्याचे मला काय कळते, असे कोणीही म्हणू शकेल. पण 'कळणे' हा तर माझ्या रोजच्या भाकरीचा धंदा आहे. 'खोटे बोलू नये' हे सुवाच्य अक्षरात पन्नास वेळा लिहून आणणारा मुलगा ती वही आईने लिहून दिली आहे हे दडवीत माझ्यासमोर उभा असतो. त्याला ते वाक्य कळलेले असते का? पाठ असते एवढे खरे. रामन राघवला 'खून करणे हा गुन्हा आहे' हे वाक्य बहुधा पाठ होते. पोलिसांच्या नजरेआड राहण्याइतके त्याला समजत होतेच. पण ते वाक्य त्याच्या लेखी परक्या देशाचा कायदा होता. तेव्हा त्याला कळत होते की नव्हते? सर्जनने पाठांतर तपासले आणि पास केले. त्या तिघांनी अर्थ विचारला आणि नापास केले. फाशी गेली, जन्मठेप राहिली. तो अर्धवट निकाल मला पूर्वी भित्रा वाटे. आता वाटतो, अर्धवट ज्ञानाला शोभेल इतका तो प्रामाणिक होता.

मात्र त्या फुटपाथवर मेलेल्यांचे काय, असे कोणी विचारले तर मला उत्तर नाही. त्यांची नावे आजीलाही ठाऊक नव्हती, मलाही नाहीत.

दुसरा खटला अलीकडचा, आपल्या महाराष्ट्रातलाच. 1994 साली एका पोलीस शिपायाने सकाळी कपडे धूत असलेल्या बायकोच्या डोक्यात घरातलाच वाटायचा दगड घातला. कारण किरकोळ भांडणाचे. तो पळाला नाही, लपला नाही. आधीपासून त्याच्यावर मानसिक रोगाचे उपचार चालू होते, आणि घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला पंचवीसदा रुग्णालयात न्यावे लागले. सेशन्स कोर्टाने जन्मठेप दिली, हायकोर्टाने ती कायम केली आणि 2002 साली सुप्रीम कोर्टाने त्याला कलम 84 खाली निर्दोष ठरवले.

दगड हा शब्द वाचला आणि मी वर्तमानपत्र मिटले.

कारण मी अकरा वर्षांचा असताना माझ्या मामाने मामीवर वरवंटा उगारला होता. भिवंडीच्या गोदामात हिशेब लिहिणारा, बायकोला 'अहो' म्हणणारा साधा माणूस. दोन महिने तो म्हणत होता की ही माझ्या आमटीत काही तरी कालवते. मी दारात उभा होतो. मामीने डोके बाजूला घेतले, वरवंटा फरशीवर पडला, टवका उडाला. शेजारी धावत आले तेव्हा आई म्हणाली, "काही नाही, डबा पडला." पुढे मामाने तीन महिने ठाण्याला काढले. ठाण्याला पाठवणे याचा आपल्याकडचा अर्थ मी सांगायला नको. 1901 सालापासून ते रुग्णालय तिथे आहे, आणि खाडीच्या बाजूला किल्ल्यातला तुरुंगही तिथेच आहे. दोन्हींच्या भिंती उंच. मामा कुठल्या भिंतीआड जायचा, ते मामीच्या मानेच्या वीतभर हालचालीवर ठरले.

आता खरे सांगतो. तो घाव बसला असता तर मी कोर्टात शपथेवर सांगितले असते की मामाला काही कळत नव्हते. आणि शेजारच्या चाळीतल्या कोणी हेच केले असते तर मी मागच्या बाकावरच्या पोराइतक्याच सहजपणे म्हटले असते, "ढोंग!" मी दोन्ही म्हणालो असतो, आणि दोन्ही वेळा मला माझे म्हणणे न्यायाचे वाटले असते.

एकदा धीर करून मी मामीला विचारले, "मामी, तेव्हा मामाला कळत होतं का गं?" ती शेंगा सोलीत होती. म्हणाली, "ते मला काय ठाऊक? माझ्याकडे बघत होते, पण मी दिसत नव्हते त्यांना." मग थोड्या वेळाने, "आणि नंतर रडले ना, तेव्हा दिसले."

मामा आज सत्तरीला आले. रात्री नऊला गोळी घेतात, सकाळी पेपरातले कोडे सोडवतात. त्यांनी पुन्हा कधी कोणावर हात उगारला नाही. मिक्सर घरात आहे, पण दिवाळीला खोबऱ्याचे वाटण पाट्यावरचेच हवे असा मामांचा हट्ट असतो. तेव्हा मामी स्टुलावर चढून माळ्यावरून तो टवका गेलेला वरवंटा काढते, वाटण वाटते, धुते, पुसते आणि मामा अंगणात कंदील लावीत असतात तोवर पुन्हा वर ठेवून देते.