दिलं कोणी?

इंटरनेटवर टीव्ही बघण्यासाठी फिरणारी एमथ्रीयू फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर आत चित्र नसतं, आवाज नसतो. एका ओळीत वाहिनीचं नाव, खालच्या ओळीत तिचा इंटरनेटवरचा पत्ता; अशा शेकडो जोड्या. माझा भाचा विचारतो, "आत्या, नुसत्या पत्त्यांत चोरी कसली?" आम्हा जैनांच्या घरात हा प्रश्न उडवून लावता येत नाही. अचौर्य, म्हणजे चोरी न करणं, हे श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, पाच अणुव्रतांपैकी एक.

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्र या ग्रंथात चोरी किमतीवरून ठरवलेली नाही. न दिलेलं घेणं, एवढीच तिची व्याख्या. त्यामुळे फुकट की विकत, याला महत्त्व नाही. दूरदर्शन सह्याद्री फुकटच देतं; ते बघून व्रताला धक्का लागत नाही. प्रश्न एवढाच, की देणारा कोण आहे.

पत्ता वाचला की ते बरंचसं कळतं. डोमेन वाहिनीचं स्वतःचं असेल आणि तिच्या संकेतस्थळावरही तेच प्रक्षेपण खुलं असेल, तर देणारा समोर आहे. पत्त्यातच कुणाचं युजरनेम-पासवर्ड असेल, तर बहुधा एकाची वर्गणी अनेकांत वाटलेली असते. फाईल व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडते. त्यासाठी कुणी अनोळखी ॲप टाकायला लावून एसएमएस वाचायची परवानगी मागत असेल, तर बँकेचा ओटीपीही त्याच्या हाती पडेल.

"चोरणारा तिसराच, मी फक्त बघतो," हे भाच्याचं पुढचं म्हणणं. तत्त्वार्थसूत्रातच या व्रताचे अतिचार, म्हणजे त्याला लागणारे दोष, सांगितले आहेत; त्यांतले पहिले तीन: चोरीला प्रवृत्त करणं, चोरानं आणलेलं घेणं, राज्याच्या नियमाविरुद्ध वागणं. घेणारा दुसऱ्याच क्रमांकावर आहे! युरोपीय संघाच्या न्यायालयानंही २०१७ साली, असे दुवे आधीच भरून विकलेल्या टीव्हीला जोडायच्या पेटीच्या खटल्यात, बेकायदा प्रक्षेपण जाणूनबुजून बघणाऱ्याला कायद्यातली सूट नाकारली. आणि राज्याच्या नियमाचं म्हणाल, तर आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात प्रसारकाचा हक्क २५ वर्षं राखलेला आहे.

'जाणूनबुजून' या अटीवर मात्र माझं समाधान होत नाही. ठाऊक नसणं निराळं आणि ठाऊक करून न घेणं निराळं. आमच्या आचार्यांनी हिंसेचं मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात पाहिलं, आणि तत्त्वार्थसूत्रावर टीका लिहिणाऱ्यांनी तीच कसोटी चोरीलाही लावली. पत्ता वाचता येत असून न वाचणं हा मला प्रमादच वाटतो.

शेकडो ओळी तपासायला वेळ कुणाला, असं भाचा म्हणतो. मग तपासून झाल्या तेवढ्याच ठेव, बाकीच्या पुसून टाक. सह्याद्री आणि संसद टीव्हीपासून सुरुवात कर.