पाखरे जातात कुठे?

साक्री तालुक्यात बाजरीचे कणीस दुधात आले की शेतकऱ्याची झोप उडते. चिमण्या, पोपट, कबुतरे आणि पावसाळा सरता सरता दूर मध्य आशियातून येणाऱ्या भोरड्यांचे थवे, सारे त्या दाण्यावर टपलेले. माळ्यावर बसून गोफण फिरवायला आता माणूस मिळत नाही. पोरे शाळेत जातात, आणि ती जावीतच. मग घरचा कुत्रा शिकवून पाखरांवर सोडावा, असे पुष्कळांच्या मनात येते. आमच्या मोहल्ल्यात मात्र त्यावर पहिला सवाल ठरलेला असतो : मुसलमानाने कुत्रा पाळावा का?

सवाल जुना, जवाबही जुनाच. शिकार, गुरे आणि शेती यांच्यासाठी कुत्रा ठेवण्याची मुभा हदीसमध्ये आहे. त्याच्या लाळेबाबत हनफी आणि शाफई मत कडक, मालिकी मत सौम्य, एवढाच फरक. सूरे कहफमधल्या गुहेच्या उंबरठ्यावर त्या तरुणांचा कुत्रा बसलेला आहेच. तेव्हा या मुद्द्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आम्हाला सतावतो तो दुसरा प्रश्न, जो कोणी विचारत नाही. हाकललेली पाखरे जातात कुठे?

ती शेजारच्या शेतात जातात. ज्याच्याकडे कुत्रा नाही, मजूर लावायला पैसा नाही, त्याच्या बाजरीवर उतरतात. उपद्रव संपत नाही, तो बांध ओलांडतो. आपले रक्षण म्हणजे दुसऱ्याचे नुकसान, असा हा हिशेब आहे. शेजाऱ्याच्या हक्कावर खुतबे ऐकणाऱ्यांनी तो नजरेआड करावा, हे बरे नव्हे.

आमच्या बापजाद्यांना हा हिशेब कळत होता. पांझरा आणि कान नद्यांवरची फड पद्धत हा त्याचा पुरावा. बंधाऱ्याचे पाणी सर्वांचे, एका फडात पीक एक. पाणी सोडायला पाटकरी आणि पीक राखायला जागल्या. जागल्या कोणा एकाचा नसे, तो साऱ्या फडाचा असे. त्यामुळे एकाच्या शेतातून उठवलेले पाखरू दुसऱ्याच्या माथी मारण्याचा प्रश्नच उरत नसे.

पण सर्वांनी मिळून हाकलले तरी पाखराने कोठेतरी बसायचे असतेच. १९५८ साली चीनमध्ये चिमण्यांविरुद्ध मोहीम निघाली. लोकांनी थाळ्या, ढोल बडवून चिमण्यांना कोठेच टेकू दिले नाही. थकून त्या आभाळातून पडल्या. त्यानंतर पिकांवर किडी माजल्या आणि १९६० मध्ये चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढावे लागले. आमची भोरडीही दाणे खाते तशी टोळ खाते. आज तिला चोर म्हणणारा शेतकरी टोळधाडीच्या वर्षी तिचीच वाट पाहील.

म्हणून कुत्रा शिकवायचा तो कसा, हा प्रश्न महत्त्वाचा. सूरे माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावराचा उल्लेख आहे. हदीस सांगते की, कुत्र्याने शिकारीतले स्वतः खाल्ले तर ती शिकार त्याने स्वतःसाठी केली असे समजावे. म्हणजे तालमीची खूण झडप घालण्यात नाही, आवरण्यात आहे. शेतातही तसेच. पिल्लाला आधी हाकेसरशी परत यायला शिकवावे, लांब दोरीवर, भाकरीचा तुकडा देऊन. मग बांधाने धावायला, भुंकायला. पाखरू धरायला किंवा घरटे उकरायला नव्हे. मोर आणि पोपट यांना तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचेही संरक्षण आहे. उंच बाजरीत कुत्र्याची धाव तोकडी पडते, हेही ध्यानात ठेवावे. खळ्यावर आणि नुकत्याच पेरलेल्या भुईमुगात तो अधिक कामाचा. आणि दिवसभर उन्हात राबवून त्याला सावली, पाणी न देणारा मालक पाखरांपेक्षा मोठा चोर. तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याचे गुनाह माफ झाले, ही हदीस आमच्या पोरांनाही पाठ असते.

कष्टाने पिकवलेले राखण्याचा शेतकऱ्याला पूर्ण हक्क आहे. भुकेल्या घराला पाखरांवर दया करण्याचा उपदेश आम्ही करणार नाही. पण लावलेल्या झाडाचे, पिकाचे माणूस, पाखरू किंवा जनावर जे खाते तो सदका ठरतो, असे आमच्या नबींनी सांगून ठेवले आहे. सगळेच हाकलून लावले तर सदका उरेल कसला?

शिवारातल्या चार घरांनी मिळून एक कुत्रा पाळावा, मिळून शिकवावा, त्याची भाकर आळीपाळीने द्यावी. त्याने चारही शेते सारखीच राखावीत. आणि बांधालगतची एक ओळ अशी ठेवावी, जिथे त्याला कोणी सोडणार नाही. मग पाखरे जातात कुठे, या प्रश्नाला आपल्याकडे सांगण्याजोगे उत्तर असेल.