कोतवाल बुकातली पणजी

आमच्या घराण्याची वंशावळ चौकट करून माजघरात लावलेली आहे. मूळ पुरुषापासून सात पिढ्या, आणि त्यात बाई एकही नाही. पणजीचं नाव घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ‘आई मानमोडीत गेली, मी दोन वर्षांचा होतो,’ एवढंच आजोबा सांगत. मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. तेवढ्या एका वाक्यावर मी तिचा शोध घ्यायला निघालो.

आधी फेरफार पाहिले. पणजोबा तिथे लगेच भेटले. वाटणी, गहाणखत, शेवटी वारसनोंद. जमीन ज्याच्या नावावर, कागद त्याचा. पणजीच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, म्हणून त्या दप्तरात ती नाही. मग कोतवाल बुक काढून घेतलं. महसुली भाषेत गाव नमुना नंबर 14, गावातल्या जन्ममृत्यूची नोंदवही. अक्षर मोडी, पानांच्या कडा बोट लागताच गळत होत्या. मोडी वाचणारे गृहस्थ ओळीवर पट्टी धरून सावकाश वाचत होते आणि एके ठिकाणी थांबले. तिचं नाव, पुढे ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको, पुढे पणजोबांचं नाव. वय 24. मरणाचं कारण : ताप. वरच्या आणि खालच्या ओळींतही तेच, ताप, ताप, ताप. पान ऑक्टोबर 1918 चं होतं.

खरं तर या ‘ताप’ शब्दातून काहीच कळत नाही. नोंद करणारा काही डॉक्टर नव्हता. हिवताप असो की आणखी काही, सगळं त्याच एका शब्दात जायचं. वयही अंदाजानेच सांगितलेलं. आजोबांचं ते वाक्य कानावर नसतं, तर ही ओळ मी वाचून पुढे गेलो असतो. घरात जे सांगितलं जातं, त्याला आपण ऐकीव म्हणून बाजूला सारतो, पण कागद वाचायला तेच लागतं.

तीन ओळी सोडून आणखी एक नोंद होती. पणजोबांचंच नाव, ‘मुलगी’, वय आठ दिवस. आजोबांना धाकटी बहीण झाली होती, हे आजोबांनाही कधी कळलं नाही. त्या साथीत गरोदर आणि बाळंत बायका फार दगावल्या, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या पानावर ते माझ्या घरात घडलेलं दिसलं.

इनाम कुणाला मिळालं, वाडा कुणी बांधला, हे आपले कुलवृत्तांत सांगतात. त्यांचं मोल मी नाकारत नाही. पण माझ्या मते, घराण्याचा जास्त खरा कागद कोतवाल बुक आहे. सरकारला मेलेल्यांचा आकडा हवा होता, म्हणून सगळ्या जातींची माणसं त्यात एकाच अनुक्रमाने येतात, बायका येतात, नाव न ठेवलेली तान्ही मुलंही येतात. ज्यांना ना वतन होतं ना जमीन, अशा असंख्य घरांच्या पूर्वजांची दुसरी लेखी खूणच नाही.

2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी ही दप्तरं गावोगाव उघडली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. माणसं येत, जातीचा रकाना पाहत, नक्कल घेऊन जात. त्यांची गरज खरी आहे, त्यांना नावं ठेवण्याचा प्रश्नच नाही. मात्र त्या एका रकान्यापुरती पानं जपून भागणार नाही. अख्खी बुकं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, स्कॅन झाली पाहिजेत, आणि ती वाचू शकतील अशी तरुण माणसं तयार झाली पाहिजेत. कडा गळताहेत, वेळ थोडा आहे.

तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर त्यांच्या आईचं, आजीचं नाव आजच विचारून लिहून ठेवा, माहेरच्या गावासकट. आमच्या वंशावळीत पणजोबांच्या शेजारी मी पणजीचं नाव लिहिलं आहे. आजोबांच्या शेजारी लिहिलं आहे : मुलगी, 1918.