एकरूप न होता जोडलेले

विंडोज आणि लिनक्स चालवणारे दोन संगणक घरातल्या एकाच राउटरला जोडले की दोघांनाही बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते मिळतात. पत्ता मिळाला की निरोप पोचतो. निरोप समजेलच असे नाही. नांदेड-लातूरकडच्या घरांत आता ही जोडी नवलाची राहिलेली नाही. दुकानाचा हिशेब ठेवणारा जुना डेस्कटॉप विंडोजवर असतो आणि इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलीचा लॅपटॉप उबुंटू लिनक्सवर. फाइल डिस्कवर कशी मांडायची, कोणाला काय उघडू द्यायचे, याबाबत दोघांच्या रीती निराळ्या. भिन्न असलेल्यांना नेमके काय जोडते, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न इथे टेबलावर येऊन बसतो.

पहिले उत्तर तयारच असते: तळाशी सगळे एकच आहे. दोन्ही यंत्रांत शेवटी शून्य आणि एकच असतात, हे खरेच. पण डीटीपीच्या दुकानात जुन्या श्री-लिपी फॉन्टमध्ये टाइप केलेला लग्नपत्रिकेचा मजकूर लिनक्सवर उघडून पाहावा. एकही बाइट हरवलेला नसतो, आणि तरी ‘चि. सौ. कां.’च्या जागी रोमन अक्षरे नि चिन्हांची खिचडी दिसते. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे त्या फॉन्टने स्वतःपुरतेच ठरवलेले होते. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला सर्वांसाठी सामाईक क्रमांक मिळाले. ते वापरून लिहिलेला मजकूर दोन्हीकडे वाचता येतो. तळाच्या एकत्वाने जे साधले नाही, ते उघड ठरावाने साधले. सगळे मूळचे एकच म्हणणाऱ्या शंकराचार्यांनीही पारमार्थिक आणि व्यावहारिक या पातळ्या वेगळ्या ठेवल्या होत्या. नेटवर्कचे सगळे काम दुसऱ्या पातळीवरचे आहे.

दुसरे उत्तर म्हणजे एकाने दुसऱ्यासारखे व्हावे. त्याचीही गरज नसते. १९९१-९२ मध्ये कॅनबेरात पीएच.डी. करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी दोन यंत्रांमधली देवाणघेवाण पाकीट न् पाकीट तपासली आणि त्यावरून युनिक्ससाठी फाइल-सर्व्हर लिहिला. त्याचाच पुढे ‘सांबा’ झाला. सांबा बसवलेला लिनक्स दारापुरता विंडोजच्या एसएमबी या फाइल-देवाणघेवाणीच्या रीतीने बोलतो. आत त्याची मांडणी त्याचीच राहते आणि पलीकडच्या विंडोजला तिचा पत्ताही नसतो.

नांदेडला दारापुरत्या ठरावाचे हे तत्त्व संगणकाच्या कितीतरी आधी पाहायला मिळते. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथे ज्या शीख धर्मग्रंथाला गुरुगादी दिली, त्यात नरसीच्या नामदेवांची ६१ पदे आहेत. शेजारी कबीर आहेत, शेख फरीद आहेत. लिपी सर्वांना गुरुमुखी आणि मुख्य मांडणी रागांची. पण कवीचे नाव कोणाचेही पुसलेले नाही. सचखंड गुरुद्वारात येणाऱ्याने डोके झाकावे, पादत्राणे बाहेर काढावीत, एवढे पुरते. लंगरच्या पंगतीत धर्म विचारला जात नाही. उंबरठ्यावरची शिस्त कडक आणि आतल्या श्रद्धेची चौकशी नाही, हा क्रम महत्त्वाचा आहे.

या जोडणीत काहीच गळत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. लिनक्सला मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांतली एकाच नावाच्या दोन फाइल वेगळ्या वाटतात, विंडोजला सहसा त्या एकच. नावात विसर्गासारखे दिसणारे रोमन अपूर्णविरामाचे चिन्ह लिनक्सला चालते, विंडोजला नाही; मग सांबा मूळ नावाऐवजी भलतेच संक्षिप्त नाव पुढे करतो. (देवनागरीत मोठी-लहान अक्षरेच नसल्याने मराठी नावे देणाऱ्यांचा निम्मा त्रास वाचतो.) परवानग्यांच्या बारीक छटाही वाटेत पुसट होतात. समन्वयाची ही किंमत असते आणि ती आधीच सांगितलेली बरी.

ठरावही म्हातारे होतात. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या दोषातूनच मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर संगणक-विषाणू जगभर पसरला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या स्थापनेत ती आवृत्ती मुळात बंद ठेवली जाऊ लागली. जुना डेस्कटॉप जोडला जात नाही म्हणून नव्या यंत्रावर ती पुन्हा चालू करू नये. जुन्यालाच नवी आवृत्ती द्यावी, आणि ते शक्य नसेल तर त्याला नेटवर्कबाहेर ठेवून फाइल पेनड्राइव्हने न्यावी.