साक्ष माणसाची, संदर्भ समाजाचा

परक्या देशात आश्रय मागायला आलेल्या माणसाजवळ बहुधा कागद नसतात. ज्या सरकारच्या भीतीने तो पळाला, त्याच सरकारकडून छळाचा दाखला तो कसा आणणार? न्यायाधीशापुढे उरते ती त्याची हकीकत. ती पटण्याजोगी आहे की नाही, हे न्यायाधीश नकळत स्वतःच्या जगाच्या मापाने ठरवतो. अशा वेळी त्या समाजात वर्षानुवर्षे राहून अभ्यास केलेल्या मानववंशशास्त्रज्ञाला तज्ज्ञ म्हणून बोलावले जाते. त्याने तिथे नेमके काय सांगावे, याविषयीची समज घडायला अर्धे शतक लागले.

१९४७ साली संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची तयारी सुरू होती. त्या वेळी अमेरिकी मानववंशशास्त्र संघटनेने मेल्व्हिल हर्स्कोविट्स यांनी लिहिलेले एक निवेदन पाठवले. पाश्चात्त्य मूल्ये हीच जगाची मूल्ये मानू नका, प्रत्येक संस्कृतीचा मान राखा, असा त्याचा आशय होता. वसाहतवाद डोळ्यांनी पाहिलेल्या पिढीची ही चिंता रास्तच होती. पण स्वतःच्याच समाजातील एखाद्या प्रथेपासून पळणाऱ्या मुलीची बाजू कोणी घ्यायची, याचे उत्तर त्या निवेदनात नव्हते.

१९५१ च्या जिनिव्हा करारात निर्वासिताची व्याख्या आली. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व यांमुळे छळ होण्याची सार्थ भीती, ही तिची कसोटी. हा करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. १९६७ च्या प्रोटोकॉलने ती मर्यादा काढली आणि आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतली माणसेही त्याच्या कक्षेत आली. 'विशिष्ट सामाजिक गट' म्हणजे काय, हे मात्र करारात सांगितलेले नव्हते. इथूनच अभ्यासकाची गरज वाढली.

१९९६ चा अमेरिकेतला 'कासिंगा' खटला या प्रवासातले मोठे वळण ठरला. टोगोमधून पळालेल्या फौझिया कासिंजा या तरुणीला जबरदस्तीचा विवाह आणि स्त्री-जननेंद्रियांचे विच्छेदन टाळायचे होते. खालच्या न्यायाधीशाने तिच्यावर विश्वास ठेवला नाही; अपील मंडळाने मात्र आश्रय दिला आणि तिच्यासारख्या स्त्रियांचा सामाजिक गट मान्य केला. हा निकाल न्याय्यच होता. पण उत्तर टोगोत दीर्घकाळ संशोधन केलेल्या चार्ल्स पियट यांनी पुढे एक अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली: या प्रकरणात आफ्रिकेचे जे चित्र रंगवले गेले, ते इतिहास नसलेल्या, क्रूर आणि कधीच न बदलणाऱ्या खंडाचे होते. मुलीच्या वडिलांचाच त्या प्रथेला विरोध होता. म्हणजे त्या समाजात मतभेद होते, बदल होत होते. एका व्यक्तीला वाचवण्यासाठी तिच्या सगळ्या समाजाला रानटी ठरवणे ही वसाहतवादाचीच भाषा आहे, आणि ज्या भाषेविरुद्ध १९४७ चे निवेदन उभे होते, ती अशी मागच्या दाराने परत येते.

मग तज्ज्ञाने करायचे काय? एडिनबर्गचे अँथनी गुड यांनी २००७ साली आलेल्या ग्रंथात याचा कसून विचार केला. तमिळनाडूत क्षेत्रकार्य केलेले गुड ब्रिटनमध्ये श्रीलंकेतल्या तमिळ अर्जदारांच्या प्रकरणांत तज्ज्ञ म्हणून अहवाल देत. त्यांच्या अनुभवात वकिलाला 'हो' किंवा 'नाही' हवे असते. अभ्यासकाचे ज्ञान मात्र परिस्थितीनुसार अर्थ लावणारे असते. शिवाय अर्जदार खरे बोलतो की खोटे, हा निवाडा न्यायाधीशाचा आहे. त्या परिस्थितीत असे घडू शकते का, हे सांगणे तज्ज्ञाचे काम.

हे काम लहान वाटते, पण त्यावर माणसाचे प्राण अवलंबून असू शकतात. इथिओपियाची दिनदर्शिका इसवी सनाच्या सात-आठ वर्षे मागे चालते आणि तिचे वर्ष तेरा महिन्यांचे असते. तिथून आलेल्या माणसाने सांगितलेल्या तारखा जुळल्या नाहीत, तर तो खोटारडा ठरू शकतो. आपल्याकडे जुन्या दस्तात शके पाहिल्यावर कोणी त्याला बनावट म्हणत नाही; अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन काढतो. तेवढीच समजूत परक्या माणसाच्या बाबतीत न्यायासनाला पुरवायची असते.

म्हणून मला वाटते, या विचाराने आज गाठलेले ठिकाण बरोबर आहे. प्रथेचे समर्थन करायचे नाही आणि समाजाची निंदाही करायची नाही. या माणसाला, या गावात, या वर्षी कशाची भीती आहे आणि ती का सार्थ आहे, एवढेच पुराव्यानिशी मांडायचे.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तरीही १९५९ पासून तिबेटी आणि १९८३ नंतर श्रीलंकेतले तमिळ इथे आश्रयाला आले, म्यानमारमधून रोहिंग्या आले. त्यांच्याविषयीचे निर्णय प्रशासनाच्या मर्जीवर सोडणे आपल्या लोकशाहीला शोभत नाही. कायदा झाला पाहिजे, आणि परक्या माणसाची हकीकत समजावून सांगू शकतील असे अभ्यासक आपल्या विद्यापीठांनी आतापासूनच तयार केले पाहिजेत.