पैशाने पाय परत येतो का?

रस्त्यावर कुणाचा पाय गेला की नातेवाइकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता पैशाने पाय परत येणार आहे का?" बोलणाऱ्याला वाटतं, आपण समजूत घालतोय. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून कळतं, की दावा लावणं म्हणजे आपल्या दुःखाचा भाव करणं. त्यात गाडी चालवणारा दारू प्यायलेला असेल, तर आणखी एक वाक्य येतं: "त्याला आत टाका. त्याचा पैसा नको आम्हाला." हे वाक्य स्वाभिमानाचं वाटतं. पण ते खरंच तसं आहे का?

आधी भाषेकडे बघू. पाऊस पडतो, ताप येतो, तसा मराठीत अपघात 'होतो'. या वाक्यात कर्ता नसतो. मागोमाग 'नशीब' येतं आणि 'जिवावर आलं होतं ते पायावर निभावलं' हे समाधान येतं. पण चार पेग पोटात असताना गाडीची किल्ली फिरवणं ही आपोआप होणारी गोष्ट नाही, ती कुणीतरी करतं. भरपाईच्या अर्जात कुणाच्या हयगयीमुळे काय झालं, हे लिहावंच लागतं. नशिबाला प्रतिवादी करता येत नाही. दावा लावण्यातली पहिली नैतिक गोष्ट ही, की तो घटनेला तिचा कर्ता परत देतो.

इथे तत्त्वज्ञानातला एक जुना पेच आडवा येतो. टॉमस नेगेल यांनी 'नैतिक नशीब' या विषयावर लिहिताना दारू प्यायलेल्या चालकाचंच उदाहरण घेतलं. दोघं सारखेच प्यायलेले, दोघांच्याही गाड्या फुटपाथवर चढतात. एकाच्या वाटेत कुणी नसतं, दुसऱ्याच्या वाटेत माणूस असतो. दोघांची चूक एकच, पण आपण दुसऱ्याला कितीतरी मोठा गुन्हेगार मानतो. आपला कायदाही तसाच आहे. रक्तात १०० मिलीलीटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच अवस्थेत कुणाला उडवलं, तर प्रकरण कुठल्या कुठे जातं.

शिक्षेपुरता हा पेच खरा आहे. भरपाईत मात्र तो बराचसा सुटतो, कारण भरपाईचा प्रश्नच वेगळा आहे. 'हा माणूस किती वाईट?' हे ती विचारत नाही. 'याच्यामुळे त्याचं काय गेलं?' एवढंच विचारते. अ‍ॅरिस्टॉटलने याला न्यायाचा वेगळा प्रकार मानलं होतं: न्यायाधीशाने दोघांपैकी चांगला कोण हे न बघता फक्त नुकसान बघायचं आणि बिघडलेला तोल सावरायचा. म्हणूनच फौजदारी खटला आणि मोटार अपघात न्यायाधिकरणातला दावा वेगवेगळे चालतात. गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दाव्यात 'असं घडलं असण्याचीच शक्यता जास्त' एवढं पुरतं. आरोपी फौजदारी खटल्यात सुटला म्हणून दावा आपोआप बुडत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनिअर गाडीच्या धडकेत गेले. अल्पवयीन आरोपीला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली गेली, तेव्हा देश खवळला. तो संताप योग्यच होता. पण आपला संताप नेहमी आरोपीभोवती फिरतो. जखमी माणूस पुढची चाळीस वर्षं कशी काढणार, यावर कधी काही ट्रेंड होत नाही.

आता भाव करण्याचा आरोप. समजा, २४ वर्षांचा एक मुलगा बाईकवरून पार्सल पोचवतो, महिन्याला १८,००० रुपये कमावतो. पाय निकामी झाल्याने त्याची कमाईची क्षमता ४० टक्के घटली. न्यायाधिकरण साधारण असा हिशेब करतं: वर्षाचे २,१६,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवले की ३,०२,४००. त्या वयाचा गुणक १८, म्हणजे ५४,४३,२००. त्याचे ४० टक्के, २१,७७,२८०. शिवाय उपचाराचा खर्च, बुडालेला पगार, वेदना, आयुष्यातल्या हुकलेल्या आनंदाची वेगळी रक्कम. हा गुणक सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या एका निकालात वयानुसार ठरवून दिला.

हा हिशेब वाचताना अंगावर काटा येतो, खरंय. कांटने म्हटलं होतं, की ज्याच्या बदल्यात दुसरं काही ठेवता येतं त्याला किंमत असते, माणसाला मात्र प्रतिष्ठा असते. मग हे काय चाललंय? उत्तर पुन्हा मराठीतच आहे. 'मोबदला' आणि 'भरपाई' हे दोन शब्द आहेत. दिलेल्या वस्तूचा मोबदला मिळतो. पाय कुणी दिलेला नाही, तो हिसकावला गेला. म्हणून २१ लाख ही पायाची किंमत नव्हे. तो पाय नसताना येणारं भाडं, बहिणीची फी, दर काही वर्षांनी बदलावा लागणारा कृत्रिम पाय यांचा तो खर्च आहे. खड्डा पूर्ण भरत नाही. पण भरत नाही म्हणून उघडा ठेवायचा, हा कुठला न्याय?

हिशेबात अन्यायही आहे, तो लपवू नये. गुणाकार उत्पन्नाशी होतो, म्हणून श्रीमंताचा मोडलेला पाय कागदावर महाग ठरतो. गृहिणीचं उत्पन्न कायद्याच्या जुन्या परिशिष्टात कमावत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश धरलं होतं. तिच्या श्रमांना स्वतंत्र मोल आहे, हे न्यायालयांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, अगदी २०२१ मध्येही. पण या त्रुटी दावे लावणाऱ्यांमुळेच उघड्या पडल्या आणि काही दुरुस्त झाल्या. 'पैसा नको' म्हणणाऱ्यांनी कायदा पुढे नेला नाही.

सगळ्यात अवघड शंका वेगळीच आहे. पैसे तर विमा कंपनी देते, मग दारूड्याला काय झळ बसली? थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो याचसाठी, की गुन्हेगार कंगाल निघाला म्हणून जखमी माणूस उपाशी राहू नये. चालक प्यायलेला होता तर कंपनीने आधी जखमीला रक्कम द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असं न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय. म्हणजे जखमीची गरज आणि दोषीची जबाबदारी कायद्याने वेगळी केली, पण दोन्ही सोडल्या नाहीत.

लाज वाटायची असेल तर ती वाटायची जागा दुसरी आहे. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कुणी काका पाकीट घेऊन येतात. "पोरगं लहान आहे, करिअर खराब होईल, इथेच मिटवून टाकू." हा पैसाही पैसाच, पण तो गप्प बसण्यासाठी असतो. त्यात हकीकत पुसायची असते. दाव्यात तीच हकीकत तारखेसह, पंचनाम्यासह सरकारी कागदावर चढते. एकात कर्ता लपतो, दुसऱ्यात तो ठरतो. गंमत अशी, की आपला समाज पाकीट घेणाऱ्याला 'समजूतदार' म्हणतो आणि कोर्टात जाणाऱ्याला 'पैशामागे लागलेला'.

२०१९ च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली, तेव्हा हा विचार फार लांबवणंही परवडत नाही. दावा अपघाताच्या ठिकाणीच लावावा असंही नाही. पुण्यात जखमी झालेला नांदेडचा मुलगा नांदेडमध्ये राहत असेल, तर तिथेही लावू शकतो.

पैशाने पाय परत येत नाही. हे न्यायाधीशालाही माहीत असतं. त्या मुलाला तर रोज सकाळी पलंगावरून उतरताना कळतं. त्याला ते पुन्हा सांगण्यापेक्षा अर्ज भरताना त्याच्या शेजारी बसलेलं बरं.